वरळीच्या बेडकाचा तक्ता

साहित्य: वही, शाईचं पेन, शिसपेन्सिल, खोडरबर, असल्यास दुर्बीण. हातोडी घरीच ठेवा. रायगड संरक्षित स्मारक आहे, तिथल्या कातळाचा टवकाही काढायचा नाही.

हिरकणीवाडीत रोपवेच्या खालच्या स्थानकाजवळून आधी समोरचा कडा न्याहाळा. आडवे पट्टे दिसतात ते लाव्ह्याचे लोट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. या काळ्या कातळात बेडूक शोधू नये. दोन लोटांच्या मधल्या काळात कुठे तळं साचलं, गाळ बसला, तरच हाडं टिकायची आशा. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा थर निघाला आणि त्यात लहानखुऱ्या बेडकांचे सांगाडे मिळाले. वहीत स्थळ ‘वरळी’ असंच लिहा. उगाच रायगडाच्या नावावर खपवू नका.

आता तक्ता, वरून खाली. सृष्टी प्राणी, संघ रज्जुमान, वर्ग उभयचर, गण अनुरा. गणाची खात्री करून घ्यायला लावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर जा. बेडूक पकडू नका, बसलेला असतानाच बाजूने पाहा. पाठीच्या मागच्या भागात एक कोन उठलेला दिसेल. तिथे कंबरेची हाडं कण्याला भेटतात, आणि त्यामागे आत शेपटीचे मणके जुळून झालेला एकच दांडा असतो. तो दांडा आणि उडीचे लांब मागचे पाय सांगाड्यातही ओळखू येतात, म्हणून इथवरचं सगळं शाईने.

प्रजाती आणि जातीसाठी सनावळी लागते. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये वरळीच्या बेडकाला ‘राना पुसिला’ म्हटलं. 1869 मध्ये स्टोलिझ्कांनी त्याला ‘ऑक्सिग्लॉसस’मध्ये हलवलं, आणि 1930 मध्ये नोबल यांनी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती केली. तक्त्यात लिहायचं: इंडोबॅट्रॅकस पुसिलस (ओवेन, 1847). नवं प्रजातिनाम पुल्लिंगी, म्हणून ‘पुसिला’चं ‘पुसिलस’ झालं. कंस गाळू नका. ओवेननी जात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, हे तो कंसच सांगतो. मुलं हमखास इथे नोबल यांचं नाव घालतात. ते प्रजातीच्या ओळीत, 1930 सह. त्याच ओळीत नावाआधी † ही लुप्ततेची खूण काढा. गणापुढे ती नको, बांधावरचा बेडूक त्याच गणातला आहे.

राहिली कुलाची ओळ. ती पेन्सिलीनेच: मायोबॅट्रॅकिडी. हे कुल आज ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचं. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवनात एकत्र होते, त्यामुळे कल्पना अशक्य नाही. शिवाय 2003 मध्ये केरळच्या सह्याद्रीतून नोंदवलेल्या नासिकाबॅट्रॅकस या बेडकाचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर निघाले. तरी वरळीच्या हाडांतून डीएनए मिळायचा नाही, नातं हाडांच्या ठेवणीवरूनच जुळवायचं. कुलापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि खोडायला जागा ठेवा.