खो-खोच्या विश्वचषकातले आपले संघ : पक्की बाजू आणि कच्ची बाजू

खो-खो हा आपल्या मातीतला खेळ आहे. पूर्वी गावोगाव तो आपापल्या पद्धतीने खेळत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम तयार झाले असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे नियमाच्या खो-खोचा जन्म महाराष्ट्रातला आहे. पण त्याचा विश्वचषक व्हायला किती वर्षे लागली बघा! पहिला विश्वचषक २०२५ साली १३ ते १९ जानेवारीला दिल्लीत झाला. इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये सामने झाले. २३ देशांतून पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. त्यात नेपाळ, श्रीलंका असे शेजारी होतेच, पण ब्राझील आणि पेरूसुद्धा होते. पेरू हा देशसुद्धा आहे हे वर्गात पुष्कळांना ठाऊक नव्हते. गुरुजींनी नकाशावर दाखवला. तो दक्षिण अमेरिकेत आहे.

दोन्ही विश्वचषक भारताने जिंकले. पुरुषांनी नेपाळला ५४ विरुद्ध ३६ असे हरवले आणि महिलांनी नेपाळलाच ७८ विरुद्ध ४० असे हरवले. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे होते, पुरुषांचा प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे. पुरुषांच्या संघात रामजी कश्यप होता. तो वेळापूरचा, म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, माळशिरस तालुक्यातला.

आता तुम्ही म्हणाल, सगळे सामने जिंकले तर कच्ची बाजू कुठून आणायची? आमच्या वर्गातली मुलेही असेच म्हणाली. त्यांना फुटबॉलचे वेड आहे. आपला फुटबॉल संघ २०२४ च्या जानेवारीत कतारला आशियाई चषक खेळायला गेला होता. तिथे ऑस्ट्रेलियाने २-०, उझबेकिस्तानने ३-० आणि सीरियाने १-० असे हरवले. आपल्याला एकही गोल करता आला नाही. अशा संघाची कच्ची बाजू कुणीही सांगेल. जिंकलेल्या संघाची शोधायची म्हणजे आकडे घेऊन बसावे लागते. मी गुरुजींकडून सगळे गुण वहीत उतरवून घेतले आणि भागाकार केले. ते भागाकार इथे सांगते.

आधी नियम समजून घ्या, नाहीतर पुढचे कळणार नाही. आपण मैदानावर नऊ जण उतरवतो. विश्वचषकात सातच जण उतरत. एका सामन्यात चार पाळ्या, प्रत्येक पाळी सात मिनिटांची. दोन पाळ्यांत आपण पाठलाग करायचा, दोन पाळ्यांत पळायचे. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. एक गडी बाद केला की पाठलाग करणाऱ्याला दोन गुण. आणि पळणाऱ्यांनाही गुण मिळायची एक सोय आहे, तिला ‘ड्रीम रन’ म्हणतात. एक तुकडी तीन मिनिटे टिकली तर पळणाऱ्यांना एक गुण. त्यानंतर दर तीस सेकंदांना आणखी एक. आपल्याकडं असा नियम नाही. असता तर आमच्या वर्गातल्या एकीने पुष्कळ गुण मिळवले असते, कारण ती खांबाजवळ कुणाला सापडतच नाही.

आता पक्की बाजू. ती म्हणजे पाठलाग.

महिलांच्या अंतिम सामन्यात पहिल्या पाळीत भारताने ३४ गुण केले. दोनाने भागले की १७ गडी. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद. ४२० भागिले १७ केले की जवळजवळ २५ येतात. म्हणजे दर पंचवीस सेकंदांना नेपाळची एक मुलगी बाद! तिसऱ्या पाळीत तर ३८ गुण, म्हणजे १९ गडी, साधारण बावीस सेकंदांना एक. नेपाळच्या मुलींनी आपल्या गड्यांचा पाठलाग केला तेव्हा पहिल्या वेळी १२ गडी आणि दुसऱ्या वेळी ८ गडी बाद केले. १७ आणि १९ कुठे, १२ आणि ८ कुठे.

पुरुषांचेही तसेच. पहिल्या पाळीत २६ गुण, तिसऱ्या पाळीत २८. म्हणजे १३ आणि १४ गडी, मिळून २७. नेपाळने दोन्ही वेळा १८-१८ गुण केले, म्हणजे नऊ-नऊ गडी. आपल्याला एक गडी मारायला सुमारे ३१ सेकंद लागले, नेपाळला सुमारे ४७. सोळा सेकंदांचा फरक. सोळा सेकंद म्हणजे थोडे वाटतात, पण पळून बघा म्हणजे कळेल.

हे कशामुळे होते? एकटा गडी कितीही जोरात पळाला तरी पळणारा हुलकावणी देऊन मधल्या रेषेपलीकडे जातो. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही आणि मधली रेषाही ओलांडता येत नाही. म्हणून त्याने खो द्यायचा. खो जितका लवकर आणि योग्य बसलेल्याला, तितका पळणारा कोंडला जातो. आमच्याकडं काय होते, ज्याच्या हातात पाठलाग आहे तो खो द्यायलाच तयार नसतो. त्याला वाटते मीच मारणार. मग पळणारा दोन्ही खांब फिरून येतो आणि आपला गडी धापा टाकत बसतो. भारताच्या संघात खो पटापट जातो. आणि शेवटच्या क्षणी सूर मारायचा. खांबाला धरून अंग झोकून देतात तो सूर बघण्यासारखा असतो. पुरुषांच्या अंतिम सामन्यात उत्कृष्ट आक्रमक म्हणून सुयश गरगटे आणि महिलांच्या सामन्यात अंशू कुमारी यांना बक्षीस मिळाले. ते लोक गादीवर सूर मारतात. आपल्या मैदानावर मुरूम आहे, तिथे तसा सूर कोणी मारू नये. गुडघे सोलून निघतात. मागच्या महिन्यात दोघांचे निघाले.

आता कच्ची बाजू, ती म्हणजे पळणे. हे वाचून कुणाला राग येईल, म्हणून आकडे देते.

महिलांच्या अंतिम सामन्यात चौथ्या पाळीत चैत्रा बी. हिची तुकडी ५ मिनिटे १४ सेकंद टिकली. चैत्रा कर्नाटकची आहे. तिला सामन्याची उत्कृष्ट खेळाडू म्हणून बक्षीस मिळाले. तीन मिनिटांना एक गुण, साडेतीनला दुसरा, चारला तिसरा, साडेचारला चौथा, पाचला पाचवा. म्हणून भारताचे ७३ चे ७८ झाले. हे फारच छान. पण पुढे बघा. त्या पाळीत नेपाळने १६ गुण केले, म्हणजे आपले ८ गडी बाद झाले. त्यातले तीन चैत्राच्या तुकडीतले धरू. ते सव्वापाच मिनिटे टिकले. मग उरले १०६ सेकंद आणि पाच गडी. भागाकार केला तर एकवीस सेकंदांना एक गडी पडला! म्हणजे एक तुकडी लई भारी, आणि बाकीच्या लवकर बाद. दुसऱ्या पाळीतही भारताला ड्रीम रनचा एकच गुण मिळाला आणि १२ गडी बाद झाले. तिथेही एकच तुकडी टिकली होती.

पुरुषांचे तर त्याहून. ५४ मधून २६ आणि २८ वजा केले तर उरतात शून्य. म्हणजे अंतिम सामन्यात आपल्या पुरुषांच्या एकाही तुकडीला तीन मिनिटे टिकता आले नाही. जिंकलो ते सगळे पाठलागावर. एखाद्या दिवशी पाठलाग जमला नाही तर काय करणार?

तसा एक दिवस जवळजवळ आलाच होता. १३ जानेवारीला पहिलाच सामना नेपाळशी झाला आणि भारत ४२ विरुद्ध ३७ असा जेमतेम जिंकला. पाच गुणांचा फरक म्हणजे अडीच गडी. इथे आणखी एक गंमत आहे. गडी बाद केल्याचे गुण दोन-दोनने येतात, मग ३७ ही विषम संख्या आली कशी? म्हणजे नेपाळच्या एका तरी तुकडीने ड्रीम रन करून गुण मिळवला असणार. आपले ४२ सम आहेत. हे मी शोधून काढले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर लिहून सगळ्यांना समजावले.

उपांत्य सामन्यात पुरुषांनी दक्षिण आफ्रिकेला ६२ विरुद्ध ४२ असे हरवले. वीस गुणांनी जिंकलो म्हणून सगळे खूष. पण आफ्रिकेचे ४२ गुण बघा. नेपाळने अंतिम सामन्यात केले त्यापेक्षा हे सहा जास्त आहेत. ज्या देशात खो-खो आपल्याएवढा जुना नाही, त्याने आपल्यावर ४२ गुण चढवले. मला वाटते पुढच्या वेळी नेपाळइतकीच आफ्रिकेचीही भीती धरली पाहिजे.

मोठ्या विजयांबद्दलही थोडे सांगायचे आहे. महिलांनी दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ असे हरवले. इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०, बांगलादेशला १०९-१६. हे आकडे ऐकले की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि आम्ही वाजवल्यादेखील. पण १७५ वरून आपली ताकद मोजता येत नाही. कोरियाचा संघ या खेळात नवा आहे. चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांशी खेळून शंभर गुण केले तर त्याला काय अर्थ. खरी मोजणी नेपाळविरुद्ध झाली. आणि नेपाळनेही आपल्याइतकाच चांगला संघ तयार केला तर बरेच होईल, कारण दोनच देश चांगले खेळत असतील तर हा खेळ ऑलिंपिकला कसा जाणार?

आता हे सगळे मी भित्तिपत्रकात कशासाठी लिहिले ते सांगते. आपल्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ होत नाही. नऊ जणी पाहिजेत आणि सरावाला सहा-सात येतात. येत नाहीत त्या आळशी नाहीत. काहींच्या आया एमआयडीसीत कामाला जातात आणि दुपारची पाळी असली की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नसते. काहींच्या घरी म्हणतात की पोरीच्या जातीला पळापळ कशाला, गुडघे फुटतील, उशीर होईल. तर येथे वाचायला आलेल्या पालकांना माझी विनंती आहे की वरचे गुण एकदा बघावेत. अंतिम सामन्यात पुरुष १८ गुणांनी जिंकले आणि महिला ३८ गुणांनी. सराव शाळा सुटल्यावर अर्धाच तास असतो. धाकट्या भावंडांना मैदानावर आणले तरी चालेल, बाईंनी तसे सांगितले आहे. ती खांबाजवळ बसून टाळ्या वाजवतात आणि रडत नाहीत.

सराव कसा करायचा तेही भारताच्या कच्च्या बाजूवरून ठरवले आहे. पाठलाग आम्हाला थोडा-थोडा येतो. पळायला मात्र एकीलाच येते, बाकीच्या सरळ पळतात आणि लगेच सापडतात. म्हणून सोमवारपासून रोज दहा मिनिटे फक्त पळणे. आधी एकेरी साखळी शिकायची. बसलेल्या एकेका गड्याच्या मधून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने जायचे, सुईने धावदोरा घालतात तसे. ती पक्की झाली की दुहेरी साखळी. घड्याळ गुरुजी लावणार आहेत. प्रत्येक तुकडी किती सेकंद टिकली ते वर्गाच्या दारामागे खडूने लिहायचे. सध्या सर्वांत जास्त १ मिनिट १० सेकंद आहेत. आमची ती खांबाजवळची मैत्रीण त्या तुकडीत होती, हे सांगायला नकोच.

शेवटी वाचकांसाठी दोन उदाहरणे देते. नियम वर दिलेलेच धरायचे.

पहिले : एक तुकडी ४ मिनिटे १० सेकंद टिकली, तर ड्रीम रनचे किती गुण मिळतील?

दुसरे : एका संघाने दोन पाळ्यांत मिळून २१ गडी बाद केले आणि सामन्याच्या शेवटी त्याचे ४५ गुण झाले. त्यातले ड्रीम रनचे गुण किती?

उत्तरे चौथीच्या वर्गाच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिली आहेत. आधी सोडवा, मग बघायला या.