'दूध', 'दूद' आणि भाषांचे कुळ



एकदा वर्गात शुद्धलेखन तपासताना एका मुलाच्या वहीत मला 'दूद' हा शब्द आढळला. शेजारच्या मुलाने तो मोठ्याने वाचला आणि सारा वर्ग हसला. मी 'दूध' अशी दुरुस्ती करून पुढे गेलो. तास संपल्यावर तो मुलगा हळूच माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, आमच्या घरची कोंकणी अशुद्ध आहे का?" माझ्याही घरी 'दूद'च म्हणतात, तरी त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी, पंजाबी, सिंधी, बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी आणि लंकेतील सिंहली या सर्व एकाच कुळातील भाषा होत. या कुळास भारतीय आर्य भाषाकुळ म्हणतात. विद्वानांनी त्याच्या इतिहासाचे तीन कालखंड मानले आहेत. पहिल्यात वैदिक भाषा व संस्कृत. दुसऱ्यात पाली, अशोकाच्या शिलालेखांतील भाषा, महाराष्ट्री इत्यादी प्राकृत भाषा व अपभ्रंश. आणि सुमारे इ. स. १००० पासून पुढे आजच्या भाषा.

या काळात शब्द बदलले; परंतु ते मन मानेल तसे बदलले नाहीत. 'सप्त' हा शब्द घ्या. त्यातील 'प्त' हे जोडाक्षर उच्चारास सोपे होऊन प्राकृतात 'सत्त' झाले. पुढे दोन तकारांचा एक झाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. अशा रीतीने 'सात' आला. 'कर्म', 'कम्म', 'काम' याच वाटेने आले. पंजाबी मात्र मधल्याच पायरीवर थांबली. ती आजही 'सत्त' आणि 'कम्म' म्हणते.

आता 'हस्त' पाहा. प्राकृतात त्याचे 'हत्थ' झाले. पंजाबीने 'हत्थ' राखला; हिंदी व गुजराती यांनी 'हाथ' केला; मराठीने 'हाथ' मधील हकार सोडून 'हात' केला. हिंदीची 'भूख' आणि 'भीख' मराठीत 'भूक' आणि 'भीक' झाली, तीही याच रीतीने. कोंकणी त्याच वाटेने एक पाऊल पुढे गेली. 'दुग्ध'चे 'दुद्ध' व त्याचे 'दूध' झाले, आणि कोंकणीने त्यातील हकार सोडून 'दूद' केले. 'व्याघ्र'चे 'वग्घ' होऊन मराठीत 'वाघ' झाला. कोंकणीत तो 'वाग' झाला.

तेव्हा 'दूद' ऐकून हसणाऱ्याने प्रथम आपल्या 'हाता'कडे पाहावे! 'दूद' हा बिघडलेला शब्द असेल, तर 'हात'ही बिघडलेलाच ठरेल. वस्तुतः दोन्ही नियमाने घडलेले आहेत.

शिवाय कोंकणीने जुन्या गोष्टी जपल्याही आहेत. प्राकृतातील 'घोडओ' या रूपाचा अखेरचा ओकार कोंकणी व गुजराती यांच्या 'घोडो'त अजून ऐकू येतो. मराठीत 'घोडा' झाला. 'अहम्'शी नाते सांगणारे गुजरातीचे 'हुं' आणि कोंकणीचे 'हांव' जिवंत आहेत. मराठीचे 'मी' त्याच सर्वनामाच्या मकारादि रूपांकडून आले. संस्कृतातील तीन लिंगे मराठी, कोंकणी व गुजराती या तिघींनी सांभाळली; हिंदीत दोनच उरली.

येथे एक सावधगिरी हवी. शब्द सारखा दिसला म्हणजे भाषा नात्याच्या असतातच असे नाही. कन्नडात 'पुस्तक' आहे. पण तो संस्कृतातून घेतलेला शब्द आहे. हातास कन्नडात 'कै' आणि साताला 'एळु' म्हणतात. कारण ती द्राविड कुळातील भाषा आहे. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, तीही उसनवारीच. परंतु पोर्तुगीजांचा 'सेते' म्हणजे सात, लॅटिनमधील 'सेप्तेम' आणि संस्कृतातील 'सप्त' यांचे साम्य उसनवारीचे नव्हे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. त्या विशाल भारोपीय कुळाची आपले कुळ ही एक शाखा आहे. युरोपात शतकानुशतके राहिलेले रोमानी लोक हाताला 'वस्त' म्हणतात. घर सुटले, पण 'हस्त' सुटला नाही.

कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. त्यामुळे मराठीशी असलेले तिचे सख्खे नाते तुटले नाही. बहिणींपैकी एकीचा मान वाढल्याने दुसरीचा कमी होत नसतो.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे: बाळा, मराठी लिहिताना 'दूध'च लिही, कारण तो मराठीचा नियम आहे. कोंकणी बोलताना निःशंकपणे 'दूद' म्हण, कारण तो कोंकणीचा नियम आहे. तुझ्या आईची भाषा अशुद्ध नाही. त्या दिवशी चूक झाली ती हसणाऱ्यांची, आणि त्यांना न थांबवणाऱ्या माझी.

सुट्टीत प्रत्येकाने आपल्या आजीकडून घरगुती वापराचे वीस शब्द लिहून आणावेत. त्यांची कुळकथा आपण वर्गात मिळून शोधू.