४.३ सहाध्यायीसाठी सर्जनशील प्रकल्पाची आखणी



या भागात आपणांस स्वतःसाठी नव्हे, तर सहाध्यायीसाठी प्रकल्प आखावयाचा आहे. हे काम अधिक अवघड आहे. कारण दुसऱ्याची आवड म्हणून आपण जे गृहीत धरतो, ती पुष्कळदा आपलीच आवड असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आपले सहाध्यायी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. 'तुम्हांला कशाची आवड आहे?' असे विचारल्यास ते 'वाचनाची' असे सांगतील. मराठीच्या विद्यार्थ्याने हेच उत्तर द्यावयाचे असते, असा समज सर्वत्र आहे. म्हणून प्रश्न बदलावा. पाळी संपल्यावरही कोणते काम डोक्यात घोळत राहते? नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवता? मग ते मोकळेपणाने बोलू लागतात आणि त्या बोलण्यातच प्रकल्प सापडतो : कारखान्यातील मराठीचा सचित्र शब्दसंग्रह.

नुसती यादी म्हणजे सर्जनशील प्रकल्प नव्हे. प्रत्येक शब्दासोबत तो जेथे उच्चारला जातो, तो प्रसंग चार-पाच ओळींत लिहावयाचा आहे. कार्यालयात 'जॉब' म्हणजे नोकरी. लेथवर 'जॉब' म्हणजे चकमध्ये पकडलेला, आकार घेणारा धातूचा तुकडा. 'कानस', 'छिन्नी' हे जुने शब्द 'चक', 'टूल' यांच्या शेजारी सुखाने नांदतात. व्याकरणाच्या दृष्टीनेही येथे बरेच काही हाती लागते. कोणी 'ते मशीन' म्हणतो, कोणी 'ती मशीन'. त्यानुसार 'मशीनला' की 'मशिनीला' हे ठरते. 'शिफ्ट' मात्र स्त्रीलिंगी. 'पाळी' या शब्दाचे लिंग तिने उचलले असावे. शहरात दखनी बोलीही जुनी आहे. तिचे शब्द आढळल्यास 'अशुद्ध' म्हणून गाळू नयेत.

कामाच्या जगातील शब्दांना मराठीत प्रतिष्ठित पूर्वपरंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वतनदार-बलुतेदारांचे व्यवहार त्यांच्या शब्दांसह नोंदले आहेत. सहाध्यायीला हा ग्रंथ अवश्य सुचवावा. मात्र नमुना म्हणून लादू नये.

आखणी करताना सहाध्यायीचे वेळापत्रक प्रथम मागून घ्यावे. चाळीस शब्द आणि सहा आठवडे एवढी मर्यादा पुरेशी आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त शब्द टिपावेत. लेखन दिवसपाळीसाठी राखावे. कारखान्यात छायाचित्रणास मनाई असू शकते, म्हणून चित्रे हातानेच काढावीत. सहकाऱ्यांची टोपणनावे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, कारखान्याचे नाव तर मुळीच नको. एका विनोदी नोंदीपायी कोणाची रोजी धोक्यात येत असेल, तर ती नोंद वगळावी.

आराखडा संमंत्रण सत्रात सहाध्यायीला मोठ्याने वाचून दाखवावा. त्याने 'चांगले आहे' एवढेच म्हटले, तर आराखडा त्याचा झालेला नाही असे समजावे. 'हे असे नसते' म्हणून त्याने दोन ठिकाणी खाडाखोड केली, तर कामाला प्रारंभ करावा.

सरावासाठी स्वाध्याय
१. आपल्या सहाध्यायीला विचारण्याचे पाच प्रश्न तयार करा. त्यांत 'आवड' हा शब्द येऊ देऊ नका.
२. त्याच्या उत्तरांतील कामाशी निगडित दहा शब्द निवडून त्यांचे लिंग व सामान्यरूप नोंदवा.
३. त्यांपैकी एका शब्दावर सहाध्यायीकडून पाच ओळी लिहून घ्या. त्या दुरुस्त करू नका.