शेजारशाळेची पारख

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली जो अहवाल सादर केला, त्यात ‘शेजारशाळे’चा आग्रहाने पुरस्कार केलेला आहे. वस्तीतील प्रत्येक मूल, मग ते कोणत्याही जातीचे, धर्माचे वा आर्थिक स्थितीचे असो, त्या वस्तीच्याच शाळेत जावे आणि ही व्यवस्था वीस वर्षांच्या अवधीत टप्प्याटप्प्याने उभी राहावी, अशी ती योजना होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. ग्रामीण शाळा त्यांनी जवळून पाहिली होती. योजनेच्या समर्थनार्थ आयोगाने दोन कारणे दिली. सर्वसामान्यांच्या जीवनात सहभागी झाल्यावाचून कोणाचेही शिक्षण चांगले होत नाही, हे पहिले. दुसरे कारण अधिक व्यवहारी होते: संपन्न आणि वजनदार वर्गांची मुले याच शाळांत असतील, तर त्या वर्गांना सार्वजनिक शिक्षणात लक्ष घालणे भाग पडेल आणि ते लवकर सुधारेल.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समान शाळापद्धतीचा स्वीकार झाला. व्यवहारात मात्र नेमके उलट घडले. शाळेला प्रश्न विचारू शकणारा पालकच सर्वांआधी तिच्यातून बाहेर पडला. परिणामी आज शहरातील मध्यमवर्गीय पालक महानगरपालिकेच्या शाळेवरून रोज जातो, परंतु तिच्या फाटकाच्या आत त्याने कधी पाऊल टाकलेले नसते. तिच्याविषयीचे त्याचे मत ऐकीव असते, आणि त्या मतावर तो आपल्या मुलाच्या दहा वर्षांचा निर्णय घेतो.

शब्दांनीही येथे गोंधळ केला आहे. ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भारतात सामान्यतः भरमसाट शुल्क घेणारी खाजगी शाळा डोळ्यांपुढे येते. हा इंग्लंडहून आलेला वारसा होय. मुंबई महानगरपालिकेने अलीकडे आपल्या काही शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नाव दिले, तेव्हा त्या दोन शब्दांना बऱ्याच काळाने त्यांचा सरळ अर्थ लाभला, मात्र नाव देण्यामागचा हेतू बहुधा जुन्या अर्थाचे वलय मिळवण्याचाच असावा.

पालकांच्या नेहमीच्या कसोट्या सर्वपरिचित आहेत: टाय-बूट, इंग्रजी, शाळेची बस, निकाल. यांपैकी निकाल ही कसोटी सर्वांत वजनदार वाटते आणि तीच सर्वांत फसवी आहे. ज्या घरात पुस्तके आहेत, आई-वडील शिकलेले आहेत, संध्याकाळी शिकवणी आहे, त्या घरातील मूल चांगले गुण मिळवते तेव्हा त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे निकालावरून कळत नाही. हा गुंता सोडवण्याचा एक विश्वसनीय प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी १८० गावांत, ज्या पालकांनी खाजगी शाळेसाठी अर्ज केले त्यांच्या मुलांमधून सोडत काढून शिष्यवृत्त्या दिल्या. सोडतीत नाव निघाले ते व न निघाले ते, दोन्ही गटांची घरे सारखीच. चार वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांच्या सरासरी गुणांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेत गेलेली मुले पुढे होती, कारण तो विषय तेथे शिकवला जात होता.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून सरकारी शाळा उत्तम आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. खाजगी शाळांनी तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊन, आणि एका विद्यार्थ्यामागे एक-तृतीयांशाहूनही कमी खर्च करून, ही बरोबरी साधली होती. सरकारी शाळेतील पैसा आणि वेळ कोठे जातो, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो. पालकापुरता बोध एवढाच की, पाटी पाहून शाळेची प्रत ठरत नाही. ती शाळाशाळांगणिक निराळी असते, आणि म्हणून प्रत्येक शाळा आत जाऊन पाहावी लागते.

जावे ते स्नेहसंमेलनाच्या वा ध्वजवंदनाच्या दिवशी नव्हे. शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले असावेत, आणि मधल्या सुट्टीनंतरची वेळ असावी. मुख्याध्यापकांची अनुमती अर्थातच घ्यावी. दर्शनी फळ्यावर बहुतेक शाळांत पट आणि हजेरी लिहिलेली असते. पट चाळीस आणि हजेरी अडतीस असे लिहिलेले असून वर्गात पंचवीसच मुले दिसली, तर त्या शाळेविषयी बरेच काही कळून चुकते. स्वच्छतागृह वापरात आहे की कुलूपबंद, नळाला पाणी आहे की नाही, दुपारची खिचडी शिक्षक चाखतात की नाही, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. भिंतींवरील चित्रांनी मात्र भुलू नये. ‘बोलक्या भिंती’ हा अलीकडच्या शाळांतील आवडता शब्दप्रयोग आहे. पण पुष्कळदा त्या भिंती मुलांच्या उंचीच्या वर बोलत असतात आणि त्यांचे श्रोते तपासणीस आलेले अधिकारी असतात.

खरा पुरावा वह्यांत असतो. तिसरी-चौथीच्या वर्गातील पाच-सहा वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सर्व वह्यांत तीच वाक्ये, त्याच क्रमाने, फळ्यावरील चुकांसह उतरलेली असतील, तर तेथे लेखन चालू नसून नक्कल चालू आहे. एखाद्या वहीत मुलाने आपल्या बकरीविषयी चार वेडीवाकडी वाक्ये लिहिली असतील, त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शिक्षकाने त्यांपैकी दोनच दुरुस्त करून खाली ‘बकरीचे नाव काय?’ असे विचारले असेल, तर त्या वर्गात शिक्षक आहे असे खुशाल समजावे. लाल शाईची बरोबर-खूण पानोपान सारखीच असणे हे वही न वाचल्याचे लक्षण होय. त्यानंतर वाचन. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट अशा चार पायऱ्यांची चाचणी ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून वापरली जात आहे. ती कोणासही घेता येते. अपरिचित माणसासमोर मूल बुजते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्केच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. ज्या शाळेत तिसरीची बहुतेक मुले तो वाचतात, ती शाळा पत्र्याच्या छपराखाली भरत असली तरी सामान्य नव्हे.

शिक्षकांविषयी विचारताना पदव्यांपेक्षा संख्या आणि उपस्थिती विचारावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. तरीही गेल्या वर्षी किती दिवस गुरुजी वा बाई वर्गाबाहेर होत्या, हे मुलांना विचारल्यास ती अचूक सांगतात. शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्तही मागून पाहावे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. इतिवृत्तात केवळ सह्या आणि अंगठेच असतील तर गोष्ट निराळी. पण नादुरुस्त हातपंपावरून झालेला वाद तेथे नोंदलेला सापडला, तर ती शाळा जिवंत आहे.

माध्यमाचा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना अधिक बिकट वाटतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्ली येथे शेजारशाळा बहुधा प्रादेशिक भाषेची असते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी, असे १९५६ च्या दुरुस्तीने आलेला राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. प्रत्यक्षात ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. अशा वेळी शाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा: घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला येथे पहिल्या दिवशी काय सांगितले जाते? ‘घरी आमची भाषा बोलत जा’ असे उत्तर मिळाल्यास पालकाने विचारात पडावे. ज्या वर्गात मूल मराठीत उत्तर देऊ लागले तरी त्याला थांबवत नाहीत, तेथे गुजराती वा तेलुगू ते सहज शिकते.

एवढे पाहूनही शाळा उणी भरली तर काय करावे? आयोगाच्या तत्त्वासाठी एखाद्या कुटुंबाने आपल्या मुलाची वर्षे पणाला लावावीत, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्या तिसरीत मुले वाचत नाहीत, ती शाळा नाकारणारा पालक दोषी ठरत नाही. परंतु न पाहता नाकारणारा पालक आणि पाहून नाकारणारा पालक यांत फरक आहे. दुसरा मुख्याध्यापकांना कारण सांगून जातो, आणि ते कारण समितीच्या पुढील सभेत येऊ शकते.

शिवाय शाळा पुरेशी चांगली आढळली, तर पालकाच्या निर्णयाचे वजन त्याला वाटते त्याहून अधिक असते. शिक्षकांची पदे पटावरून मंजूर होतात. महाराष्ट्रात या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या म्हणजे एका वर्गाला शिकवताना उरलेल्यांना पाढे लिहीत बसवणे आलेच. साठ मुलांच्या शाळेत या अनुसूचीनुसार तिसरा शिक्षक येतो तो एकसष्टाव्या मुलाच्या नावनोंदणीने.