अडकित्ता व कलमतराश : संग्रह, तुलना आणि नोंद

शेतकऱ्याच्या घरांत नांगर, कुळव, कोयता यांचा हिशेब बहुधा नीट असतो. पण चंचींत अगर खिशांत राहणाऱ्या लहान हत्यारांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरुडपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत, जेथें नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, तेथें अशीं दोन हत्यारें पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या बरोबर वावरलीं. एक वाडीवाल्याच्या चंचींतील अडकित्ता. दुसरें लिहिणाराच्या खिशांतील कलमतराश, म्हणजे बोरू तासण्याचा मिटता चाकू. बोरू गेला तसा कलमतराश गेला. सुपारी कातरून आयती मिळूं लागली, शिवाय ती खाण्यानें तोंडाचा कर्करोग होतो हें वैद्यकशास्त्रानें निश्चित केलें, त्यामुळें चंचीही मागें पडली. तिचें मागें पडणें हितावहच आहे. परंतु हत्यार कामांतून गेलें म्हणजे तें मोडींत घालावें असें मात्र नव्हे.

आम्ही पांचसहा मंडळी महिन्यांतून एका रविवारीं कोणाच्या तरी पडवींत जमतों, घोंगडी अंथरतों आणि आपापले अडकित्ते व चाकू मांडून एकमेकांशीं ताडून पाहतों. त्या बैठकींत खरेदी-विक्री करावयाची नाहीं, एवढा एकच नियम आहे. हा नाद रिकामटेकड्यांचा आहे असें पुष्कळांस वाटतें. तो नीट रीतीनें केल्यास घराण्याच्या दप्तराचाच एक भाग होतो, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

हा नाद नवा नव्हे

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं सुमारें १९२० पासून गांवोगांव हिंडून दिवे, दौती, भांडीं, अडकित्ते असे रोजच्या वापरांतील जिन्नस जमविले. लोक ज्यास अडगळ म्हणत त्यास त्यांनीं संग्रहांत जागा दिली. आपल्या अकालीं वारलेल्या मुलाच्या नांवें त्यांनीं संग्रहालय उभें केलें आणि १९७५ सालीं तें महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील अडकित्ते ज्यांनीं पाहिले, त्यांस एका साध्या हत्यारानें पोपट, मोर, घोडा अशीं किती रूपें घेतलीं हें कळून येईल. गुजराथेंत जामनगरचे अडकित्ते नांवाजलेले आहेत; तेथें त्यांस सुडी म्हणतात. चाकूंच्या बाबतींत उत्तरेकडे रामपूरच्या खटक्याच्या चाकूचें नांव आहे. विलायतेंत शेफील्ड येथील रॉजर्स कंपनीच्या चाकूंवर तारा व क्रूस अशी खूण असे. फ्रान्सांत ओपिनेल नांवाच्या लोहारानें १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांकरितां लांकडी मुठीचा साधा मिटता चाकू काढला. तो आजही निघतो व त्याचे शोकीन जगभर आहेत. तात्पर्य, शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू जमविण्यांत आपण एकटे नाहीं.

अडकित्त्याची परीक्षा

तुलना करावयाची ती सारख्याची सारख्याशीं. जिराइताचा आकार बागाइतास लावला तर जमाबंदी चुकते. तद्वत् शोभेचा पितळी अडकित्ता व वाडींतील लोखंडी अडकित्ता एका पंक्तीस बसवूं नयेत. कामाच्या अडकित्त्यांत पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट जोर. अडकित्ता ही एक तरफच आहे. एका टोकास सांध्याचा खिळा, त्याजवळ सुपारी आणि दुसऱ्या टोकास हात. सुपारी खिळ्यापासून १ इंचावर व हाताची पकड ५ इंचांवर असेल, तर हाताच्या जोराच्या पांचपट जोर सुपारीवर पडतो. म्हणून दांड्यांची लांबी मोजून लिहावी. नुसतें "मोठा" किंवा "लहान" म्हणूं नये.

दुसरी गोष्ट जबडा. श्रीवर्धनची रोठा सुपारी टपोरी असते. ती धरावयास जबडा पुरेसा उघडला पाहिजे. आमच्या बैठकींत एका देखण्या, नक्षीदार अडकित्त्याची फार वाहवा झाली. पण त्यांत रोठा जाईना. तो लहान सुपारीच्या मुलखांतून आला असावा असें सर्वांचें मत पडलें. अशा रीतीनें जबड्याच्या मापावरून जिन्नस कोठचा असावा याचें अनुमान करतां येतें.

तिसरी गोष्ट धार व सांधा. अडकित्ता मिटून उजेडाकडे धरावा. पातें व खालची बैठक यांमधून फट दिसली तर धार झिजली आहे किंवा खिळा ढिला झाला आहे. कित्येक जुन्या अडकित्त्यांत अंग मऊ लोखंडाचें व धारेपुरतें पोलाद तापवून जोडलेलें असतें; नीट पाहिल्यास जोडाची पुसट रेघ दिसते. ही रेघ म्हणजे लोहाराच्या कसबाची साक्ष होय. परीक्षेकरितां सुपारी कातरावयाचीच असेल तर भिजविलेली घ्यावी. जुन्या पात्यावर वाळकी सुपारी घालून त्याचा अंत पाहूं नये.

मिटत्या चाकूची परीक्षा

चाकू मिटून पात्याचें टोक व मुठीच्या खोबणीचा शेवट यांतील अंतर पाहावें. अंतर थोडें असेल तर पातें पुष्कळसें शाबूत आहे. बरेंच असेल तर तें दगडावर लावून लावून झिजलें आहे किंवा टोक मोडून पुन्हां घडविलें आहे. पातें उघडून बोटानें आडवें हलवावें. हललें तर सांध्याचा खिळा झिजला असें समजावें. पाठीची कमान सणसणीत असली म्हणजे उघडतां व मिटतां पातें आपोआप जागेवर बसतें.

लोहचुंबकानें गंजणारें पोलाद व न गंजणारें पोलाद ओळखतां येतें असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. न गंजणाऱ्या पोलादाचीं बहुतेक पातीं चुंबकास चिकटतात. चुंबकाचा उपयोग एवढाच कीं, लोखंडावर पितळेचा मुलामा देऊन कोणी निखळ पितळ म्हणून विकीत असेल तर तें उघडकीस येतें.

गंज आणि काळवटी

खाऱ्या हवेंत लोखंडाचें आयुष्य थोडें. तरीही शंभर पावसाळे पाहिलेला अडकित्ता कित्येकदां शाबूत सांपडतो, याचें एक कारण सुपारींतच आहे. सुपारींत तुरट द्रव्य पुष्कळ असतें. तें लोखंडाशीं मिळालें म्हणजे काळा लेप बसतो. पूर्वीं हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत, तिचें कारणही हेंच. हा काळा लेप मळ नव्हे. तो खालच्या लोखंडास कांहीं अंशीं गंजापासून राखतो आणि हत्यार कामांतील होतें याचा पुरावाही देतो.

तांबडा गंज मात्र शत्रु आहे. त्यावर तेलाचा थेंब सोडून एक दिवस थांबावें व मग बांबूच्या चिपेनें तो हलकेच खरवडावा. पॉलिश कागद लावूं नये. खाण्याचें तेल कालांतरानें चिकट होऊन धूळ धरतें. त्यापेक्षां शिवणयंत्राचें तेल बरें. कातड्याच्या पाकिटांत हत्यार कायमचें ठेवूं नये. कातडें ओल धरतें. सुती फडक्यांत गुंडाळून कोरड्या डब्यांत ठेवावें आणि पावसाळ्यांत दर पंधरवड्यानें काढून पाहावें.

आमची चूक

हें सर्व आम्ही अनुभवानें सांगत आहों, आणि तो अनुभव भूषणावह नाहीं. आमच्या वडिलांचा अडकित्ता त्यांच्या पश्चात् आमच्याकडे आला. काळाकुट्ट दिसे. पाहुण्यांस दाखविण्याजोगा व्हावा म्हणून आम्हीं तो बाजारांत एका दुकानीं यंत्रावर घासावयास दिला. चांदीसारखा लखलखीत होऊन आला. घरीं येऊन पाहतों तों दांडीच्या आंतल्या अंगास ठोकलेलीं दोन मोडी अक्षरें नाहींशीं झालीं होतीं. दुकानदाराचा दोष नव्हता. आम्हींच "चांगला घासा" म्हणून सांगितलें होतें.

तीं अक्षरें लहानपणीं शेंकडों वेळां बोटांखालून गेलेलीं. पण तीं कोणतीं, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं. आजोबांच्या नांवाचीं होतीं कीं लोहाराच्या, तेंही कळावयास मार्ग उरला नाहीं, कारण ज्यांस विचारावें अशीं वडील माणसें आतां कोणी नाहींत. महसूल खात्याच्या नोकरींत आमची हयात दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार गांव नमुना सहांत लिहिण्यांत गेली. "नोंद नाहीं तर हक्क सिद्ध करणें कठीण" असें आम्हीं किती खातेदारांस बजावलें असेल! आणि स्वतःच्या वडिलांच्या हातांतल्या वस्तूची एक ओळ आम्हीं कधीं लिहून ठेविली नव्हती.

नोंद कशी ठेवावी

तेव्हांपासून आमच्या बैठकींत नोंदवही सुरू झाली. प्रत्येक जिनसास एक पान व त्यांत पुढील रकाने असावेत :

१. जिन्नस व अनुक्रमांक.
२. कोणाच्या घरचा, कोणाकडून कोणाकडे आला.
३. लांबी, पात्याची रुंदी, वजन.
४. अंग, धार व खिळा यांचा धातु.
५. खुणा, अक्षरें, नक्षी. यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा व छायाचित्र काढावें.
६. झीज व दुरुस्ती.
७. कोणत्या कामास वापरीत.
८. माहिती सांगणाराचें नांव व तारीख.

यांपैकीं सहावा व आठवा हे रकाने लोक गाळतात, आणि तेच सर्वांत मोलाचे आहेत. दुरुस्तीस दोष समजण्याची चाल सोडून द्यावी. याचें एक उदाहरण देतों.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग तालुक्यांतील पोफळी एका दिवसांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पांच ते सात वर्षें लागतात. तेव्हां नुकसान एका हंगामाचें नव्हतें. घरांवरचीं छपरें उडालीं, पेट्या भिजल्या आणि पुढें आवराआवर करतांना भिजलेलें, गंजलेलें लोखंड टोपल्या भरभरून भंगारांत गेलें. त्या वेळीं कोणास दोष देतां येत नाहीं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाहीं त्यानें अडकित्ता जपावा असें कोण म्हणेल?

अशाच एका ढिगांतून आमच्या मंडळींपैकीं एकानें एक अडकित्ता लोखंडाच्या भावानें सोडवून आणला. तो कोणाचा, हें कोणास कळेना. बैठक ज्यांच्या पडवींत होती त्यांच्या शेजारच्या एक वृद्ध बाई चहा घेऊन आल्या व घोंगडीकडे पाहून थबकल्या. अडकित्त्याचें अंग लोखंडी, पण सांध्याचा खिळा तांब्याचा होता. "हा मामंजींनीं घातलेला," त्या म्हणाल्या. "मूळचा खिळा तुटला, तेव्हां लोहाराकडे जायला सवड नव्हती, मोडक्या घंगाळाच्या कडीचा तुकडा ठोकून बसविला." त्यांनीं तो हातांत घेतला आणि बराच वेळ खालीं ठेविला नाहीं.

अडकित्ता त्याच दिवशीं त्यांच्या घरीं परत गेला. आमच्या वहींत त्याचें पान मात्र आहे. सहाव्या रकान्यांत लिहिलें आहे : "खिळा तांब्याचा, मूळचा नव्हे, घंगाळाच्या कडीचा, सासऱ्यांनीं स्वहस्तें बसविला." आठव्या रकान्यांत त्या बाईंचें नांव व तारीख आहे. बाजारांत त्या खिळ्यामुळें अडकित्त्याची किंमत उतरली असती. आमच्या मतें त्या खिळ्यामुळेंच तो ओळखला गेला.

कायद्याच्या दोन गोष्टी

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे. घरगुती व शेतकी कामाचीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. तथापि पोलिसांचा मनाई हुकूम चालू असतां चाकू खिशांत घेऊन बाजारांत हिंडूं नये. हस्तिदंती मुठीचा जिन्नस घरांत निघाल्यास तो विकण्याच्या भरीस पडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तु परदेशीं पाठविण्यासही त्याच सालच्या पुरावशेषांच्या कायद्यानें खाजगी व्यक्तीस मज्जाव केला आहे.

असो. वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, येत्या पावसाळ्यापूर्वीं एकदां पेटी, फडताळ, देवघराचा कोनाडा पाहावा. अडकित्ता, कलमतराश, जुना चाकू कांहींही हातीं लागल्यास तो घासूं नये व विकूंही नये. प्रथम घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं द्यावा, तें काय बोलतें तें त्याच्या समोर बसून लिहून घ्यावें आणि खालीं तारीख घालावी. संग्रह पुढें होईल अगर न होईल. सांगणारें माणूस आहे तोंवर ही एक नोंद पुरी करून ठेवावी.