काचा उंच, दांडा आखूड. सोसतो तो खांदा

बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी एमआयडीसीतील कंपन्या, शाळा, दवाखाने इथे ठेकेदाराकडे साफसफाईला जातात. उंच खिडक्यांच्या काचाही त्यांनाच पुसाव्या लागतात. पुढे वेणी घालताना हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. "वय झालं" म्हणून आपण गप्प बसतो. पण अनेकदा दोष हातातल्या दांड्याचा असतो.

हात सारखा खांद्याच्या वर राहिला की स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे दाबले जाऊन सुजतात. दांडा आखूड असला तर हात ताणावे लागतात. फार लांब असला तर टोकाचे थोडे वजनही मनगटाला जड होते. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा हवा. तो असा वापरावा:

१. वायपर काचेला टेकवल्यावर वरचा हात खांद्याच्या खाली आणि खालचा हात कमरेजवळ राहील एवढीच लांबी ठेवा. खालची काच पुसताना दांडा आखूड करा.

२. काचेच्या अगदी खाली उभ्या राहू नका, मान मोडते. थोडे मागे, एक पाय पुढे ठेवून उभ्या राहा आणि अंगाच्या झोक्याने पुसा.

३. पाईप बारीक असेल तर मूठ फार आवळावी लागते. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पकड ३ ते ४ सेंटीमीटर जाड करा.

४. फडके पिळून घ्या. लॉक घट्ट बसले का ते पाहा. अधूनमधून हात बदला आणि थोडा वेळ खालचे काम करा.

५. विजेच्या तारेजवळ अ‍ॅल्युमिनियमचा दांडा नेऊ नका. ओला बांबूही धोक्याचा. १४ एप्रिलच्या आधी घराची जळमटे काढतानाही हे लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर बारामती किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. खांदादुखीबरोबर छाती भरून आली, घाम फुटला तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. क्षणही न थांबता दवाखाना गाठा.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचे खुरपे देत. दिवसभर वाकून त्यांच्या पाठी कायमच्या निकामी होत. मजूर कोर्टात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ मध्ये त्या खुरप्यावर बंदी आली. तिथे दांड्याची लांबी हा मजुरांच्या हक्काचा प्रश्न ठरला.

आपणही एकेकटीने कुरकुरण्यापेक्षा चौघी-पाचजणींनी मिळून ठेकेदाराला लेखी अर्ज द्यावा: लांबी बदलणारा, हलका, रबरी मुठीचा दांडा हवा. अर्जाची एक प्रत, पोच घेऊन, आपल्याजवळ ठेवावी.