पावसाचा खंड आणि संजीवकाची बाटली

दुपारी बारा वाजता सोयाबीनच्या बांधावर उभे राहा. पाने उलटी फिरून मागची फिकट, चंदेरी बाजू वर दिसत असेल तर घाबरू नका, पीक ऊन चुकवत आहे. संध्याकाळी तीच पाने सरळ झाली, तर जमिनीत अजून ओल आहे. पण सकाळी सहालाही पानांनी मान टाकलेलीच असेल, तर त्या रानात पंप नेऊ नका. तिथे आता पाणीच हवे, तुषारने द्या नाहीतर शेततळ्यातून. संजीवकाचे जे काही काम आहे, ते या दोन अवस्थांच्या मधल्या थोड्या दिवसांतले आहे.

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि खरिपाचे सोयाबीन नेमके याच महिन्यात फुलोऱ्यात आणि शेंगेत असते. पाऊस दडी मारतो, पीक मलूल दिसते आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो, ‘काहीतरी टॉनिक द्या.’ हे ‘काहीतरी’च महागात पडते.

आधी झाड स्वतः काय करते ते पाहू. मुळांशी ओल कमी पडली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढते. त्याच्या इशाऱ्याने पर्णरंध्रांच्या कडेच्या पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, पेशी सैल होतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही, त्यामुळे अन्न कमी तयार होते. ताण लांबला की इथिलीन वाढते आणि पाते, फुले गळू लागतात. झाड पोसवेल तेवढेच ठेवते आणि बाकीचे ओझे टाकते. आपली फवारणी या काटकसरीला मदत करणारी हवी.

म्हणून खंडात जिब्रेलिक आम्ल नको. त्याने कांडी लांबते, पान वाढते आणि पाण्याचा खर्चही वाढतो. उलट क्लोरमेक्वाट किंवा मेपिक्वाट क्लोराइडसारखी वाढरोधके शेंड्याची धाव आवरतात. पण ती खंड पडण्याआधी, पीक माजायला लागलेले असताना वापरायची. गुडघ्याएवढीही न झालेली कपाशी खुंटून बसली असेल, तर तिला आणखी रोखण्यात काय अर्थ? या औषधांचे प्रमाण आणि पीक लेबलवर पाहूनच ठरवा. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळेच आपली द्राक्षे युरोपात अडकली होती.

कपाशीच्या पातेगळीसाठी एनएए (नॅप्थॅलिन ॲसिटिक आम्ल, 4.5 टक्के) हे संजीवक वापरतात. प्रमाण 10 पीपीएम, म्हणजे साडेचार लिटर पाण्याला 1 मिली. 16 लिटरच्या पंपाला साडेतीन मिली पुरते. शेतात मात्र बाटलीचे झाकणच माप होते. बऱ्याच झाकणांत दहा मिलीच्या आसपास औषध मावते, म्हणजे जवळपास तिप्पट डोस. आणि हेच एनएए जास्त झाले की गळ थांबवण्याऐवजी गळ घडवते. सफरचंदाच्या बागांत फळांची विरळणी करायला तेच वापरतात. मेडिकलमधून पाच मिलीची सुईविरहित सिरिंज आणा आणि ती औषधापुरतीच ठेवा.

सोयाबीनला फुलोऱ्यात खंड पडला, तर मी आधी पोटॅशियम नायट्रेट (13:00:45) सुचवेन. ते संजीवक नाही, विद्राव्य खत आहे, पण पर्णरंध्रांचा कारभार पोटॅशियमवरच चालतो. प्रमाण 1 टक्का, दहा लिटरला 100 ग्रॅम. सॅलिसिलिक आम्ल 100 पीपीएम, म्हणजे दहा लिटरला 1 ग्रॅम, ताणाविरुद्ध उपयोगी पडते. ते थंड पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पाने ताठ असताना करा. कीटकनाशक, टॉनिक, खत, संजीवक सगळे एकाच टाकीत ढवळू नका. डाळिंब, मोसंबीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या मातीची, म्हणजे केओलिनची, 8 टक्के फवारणी चालते. एकरभर सोयाबीनला ती परवडणारी नाही.

आणि पंप उचलण्याआधी कोळपे फिरवा. भारी काळ्या रानात भेगा पडू लागल्या की ओल त्यांतूनच उडून जाते. भेगा बुजल्या की फवारणीला थोडी मुदत मिळते. मुरमाड रानात ही मुदत फार तोकडी असते, तिथे पहिल्या चार-पाच कोरड्या दिवसांतच निर्णय घ्या.

एक गोष्ट राहते, ती खंड संपल्यानंतरची. लांबलेल्या ताणानंतर एकदम जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले, की बोंडांनी लगडलेली कपाशी एक-दोन दिवसांत सुकते. हा आकस्मिक मर आहे, बुरशीचा रोग नव्हे, त्यामुळे बुरशीनाशकावर पैसे घालू नका. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढा. लक्षणे दिसल्यापासून काही तासांतच कोबाल्ट क्लोराइड 10 पीपीएम, म्हणजे शंभर लिटर पाण्याला 1 ग्रॅम, फवारा. ते इथिलीन तयार होणे रोखते. झाड पूर्ण वाळल्यावर त्याचा उपयोग नाही, म्हणून मोठा पाऊस उघडल्यावर त्याच दिवशी कपाशीत एक चक्कर मारा.